जुन्या नौकेची निगा

आश्विन महिना लागला, कीं मुळशीचा जलाशय कांठोकांठ भरलेला असतो. सह्याद्रीवरचे ढग विरळ होतात, वारा मंदावतो, आणि पौडच्या रस्त्यानें आलेल्या पुणेकराला तें विस्तीर्ण पाणी पाहून नौकाविहाराची इच्छा झाली, तर त्यांत नवल नाहीं. अशा वेळीं कोणीतरी त्याला एक जुनी होडी दाखवितो. तिचा रंग उडालेला असतो, पाठीवर टांगलेलें इंजिन तीन-चार पावसाळे मुकें असतें, आणि खालच्या ट्रेलरचीं चाकें गवतांत रुतलेलीं असतात. किंमत थोडी आणि हौस मोठी! रंगाचे दोन हात दिले, कीं होडी नवी झाली, असें विकणारा सांगतो, व घेणाऱ्याला तें पटतेंहि. परंतु घरांतील खुर्चीचा पाय मोडला, तर माणूस जमिनीवर पडतो. होडीची फळी निखळली, तर तो कोठें जातो हें सांगावयास नको. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं जुन्या नौकेची परीक्षा कशी करावी आणि तिची निगा कशी राखावी, हें समजून घेणें अवश्य आहे.

मुळशीच्या पाण्याला इतिहास आहे. वीज निर्माण करण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा नदीवर धरण बांधण्यास घेतलें, तेव्हां ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्याचे पुढारी झाले आणि ‘सेनापति’ हें बिरुद त्यांच्या नांवाला कायमचें जडलें. धरण अखेर झालेंच; १९२७ सालापासून तें पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून कोंकणांत भिरा येथील वीजगृहाकडे जाऊं लागलें. आज ज्या पाण्यावर होडी तरंगते, त्याच्या तळाशीं कोणाचीं तरी शेतें व घरें आहेत. ही गोष्ट केवळ मन हळवें करणारी नाहीं. ती व्यवहाराचीहि आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें, म्हणजे जुने बांध, दगड आणि खोडें पृष्ठभागाजवळ येण्याचा संभव असतो, आणि भरल्या तळ्यावर निर्धास्त फिरणारी होडी वैशाखांत त्यांवर आपटूं शकते.

पुण्याला नौकानयनाचा छंद नवा नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालीं स्थापन झाला, आणि त्याचा ‘रेगाटा’ हा दीपांनीं उजळलेला नदीवरचा सोहळा पुणेकरांच्या पिढ्यांनीं पाहिला आहे. परंतु क्लबाच्या नौकांना छप्पर असतें आणि निगा ठेवणारीं माणसें असतात. एकट्या गृहस्थाच्या होडीला बहुधा दोन्ही नसतात. त्याला सर्व हिशेब स्वतःच ठेवावा लागतो.

या हिशेबाचा पहिला आंकडा पंचांगांत आहे. थंड देशांतील पुस्तकांत होडीची निगा हिंवाळ्याच्या अनुरोधानें सांगितलेली असते. तेथें इंजिनांत राहिलेलें पाणी गोठून त्याचें ओतीव अंग फुटण्याचें भय असतें. मुळशींत तें भय नाहीं. येथला शत्रु पावसाळा. या बाबतींत परदेशी पुस्तकापेक्षां कोंकणांतील कोळ्याचा रिवाज अधिक उपयोगी पडतो. पाऊस तोंडावर आला, कीं तो आपल्या होड्या वर ओढून शाकारतो, त्या काळांत जाळीं व फळ्या दुरुस्त करतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हां पाण्यावर जातो. मुळशीच्या हौशी नौकावाल्यानेंहि मृगापूर्वीं होडी कांठावर घ्यावी आणि दसऱ्याच्या सुमारास ती पाण्यांत सोडावी. मधले चार महिने दुरुस्तीचे.

पावसाचें बळ किती असतें, हें साध्या गणितानें कळतें. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी उघडी होडी घेतली, तर तिचें तोंड सुमारें सहा चौरस मीटर होतें. तींत शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर सहाशें लिटर, म्हणजे सहाशें किलो पाणी सांठतें. ताम्हिणीच्या पायथ्याच्या या मुलुखांत एका दिवसांत एवढा पाऊस होणें ही अपूर्वाई नव्हे. हें ओझें खालच्या ट्रेलरच्या पाट्यांवर आणि होडीच्या बरगड्यांवर पडतें. उपाय अगदीं सोपा आहे: होडीची नाळ, म्हणजे पुढचें टोक, थोडें उंच करावें, पिछाडीच्या तळाचें बूच काढून ठेवावें, आणि वर ताडपत्री उतरती बांधावी. मात्र ताडपत्री चहूंकडून घट्ट आवळूं नये. आंत वारा खेळला नाहीं, तर झांकलेली होडी उघड्या होडीपेक्षांहि लवकर कुजते.

कुजणें म्हणजे काय, हें येथें पाहिलें पाहिजे. लांकूड पाण्यानें कुजत नाहीं. तें बुरशीनें कुजतें, आणि बुरशीला ओल व हवा दोन्ही लागतात. शेंकडा वीसपेक्षां कमी ओल असलेल्या लांकडांत ती वाढत नाहीं, आणि सदैव पाण्याखालीं असलेल्या लांकडांत हवेच्या अभावीं तिचा फारसा जोर चालत नाहीं. जेथें ओल आणि हवा आलटून-पालटून येतात, तेथें तिचें राज्य. खाऱ्या पाण्यांत मिठामुळें बुरशीला आळा बसतो. समुद्रांतील होडीचा वैरी असतो लांकूड पोखरणारा किडा. तळ्यांत हा किडा नाहीं, पण मीठहि नाहीं. त्यामुळें मुळशींतील लांकडी होडीला खालच्या पाण्यापेक्षां वरून ठिबकणाऱ्या पावसाच्या पाण्याचें भय अधिक. तें पाणी कांठाच्या पट्टीखालीं, पिछाडीच्या कोपऱ्यांत, बरगड्यांच्या बुडाशीं आणि नाळेच्या सांध्यांत जाऊन बसतें. परीक्षा करणाऱ्यानें प्रथम याच जागा पाहाव्या. लांकडी मोगरीनें हलकेच ठोकावें: खणखणीत नाद आला, तर लांकूड धड आहे, आवाज बद्द आला, तर आंत पोकळी आहे. मग टोंचा घेऊन दाबावा. चांगल्या सागांत तो कष्टानें शिरतो, कुजक्या लांकडांत तो लोण्यांत शिरावा तसा जातो. अशा जागीं रंग देणें म्हणजे ओल आंत कोंडणें होय. कुजका भाग धड लांकूड लागेपर्यंत कापून काढावा, आणि तेथें लांब तिरकस सांध्यानें नवा तुकडा बसवावा.

चांगलें लांकूड व सतत निगा मिळाल्यास नौका किती टिकते, याचें उदाहरण मुंबईनेंच जगाला दिलें आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं मुंबईच्या गोदींत सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती आजहि इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाहावयास मिळते. परंतु तिच्या जीर्णोद्धाराला १९९० पासून दहा वर्षांहून अधिक काळ लागला, हेंहि विसरूं नये. साग दीर्घायुषी असला, तरी तो अमर नाहीं.

लांकडी होडीला दुसरा ताप उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखांत कांठावर पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात आणि सांध्यांतून उजेड दिसूं लागतो. नवशिका माणूस घाबरून त्या भेगांत सूत आणि लुकण ठांसून भरतो. ही मोठी चूक. होडी पाण्यांत गेल्यावर फळ्या फुगतात, ठांसलेल्या सांध्यांना जागा उरत नाहीं, आणि तो दाब बरगड्या मोडतो किंवा खिळे उपटतो. जाणता नावाडी अशी होडी प्रथम उथळ पाण्यांत दोन-चार दिवस बुडवून ठेवतो. लांकूड फुगून बहुतेक सांधे आपोआप मिटतात. त्यानंतरहि जेथें पाणी झिरपतें, तेवढ्याच जागीं जुनें सूत काढून नवें भरावें लागतें. खिळे-स्क्रूंचीहि निवड जपून करावी. तांबें आणि लोखंड पाण्याखालीं एकमेकांशेजारीं ठेवले, तर लोखंड झपाट्यानें खाल्लें जातें. जुन्या तांब्याच्या खिळ्यांत बाजारचा लोखंडी स्क्रू मिसळणारा दुरुस्त करणारा दुरुस्ती करीत नसतो. पुढच्या दुरुस्तीची सोय करीत असतो.

फायबरची, म्हणजे कांचेचे तंतु आणि राळ यांची होडी कुजत नाहीं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. तिच्या कवचाला बुरशी लागत नाहीं. परंतु पुष्कळ जुन्या होड्यांच्या पिछाडीच्या आंत प्लायवुड असतें, आणि इंजिनाचें सारें वजन त्यावरच असतें. इंजिन बसविण्याच्या बोल्टांच्या भोंकांतून पाणी शिरलें, कीं बाहेरून गुळगुळीत दिसणारी पिछाडी आंतून भुसा होते. परीक्षेची रीत सोपी आहे: इंजिनाचें खालचें टोक धरून तें वर-खालीं हलवावें. पिछाडी लवत असेल, तर ती होडी पाण्यांत नेऊं नये. अशा वेळीं आंतील प्लायवुड बदलून तेथें भारतीय मानक ७१० चें सागरी प्लायवुड घालावें, आणि प्रत्येक भोंकाची कड इपॉक्सी राळेनें बंद करावी. कवचावर बारीक फोड आलेले असले, तर पाणी वरच्या थराखालीं शिरलें आहे असें समजावें. ते फोडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावे. भर पावसाळ्यांत हें काम उघड्यावर करणें व्यर्थ, कारण दमट पृष्ठभागावर राळ नीट धरत नाहीं. पावसाळ्यांत तें करावयाचें, तर कोरडें छप्पर हवें. नाहींतर तें उन्हाळ्यांतच उरकून घ्यावें.

आतां इंजिनाकडे वळूं या. होडीच्या पाठीवर टांगावयाचें इंजिन प्रथम व्यापारी प्रमाणावर यशस्वी केलें तें ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरानें, १९०९ च्या सुमारास. कडक उन्हांत मैत्रिणीसाठीं आइस्क्रीम आणावयास तळें वल्हवून जातांना त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. त्याचें नांव धारण करणाऱ्या इंजिनांचें उत्पादन २०२० सालीं बंद झालें. जुनें इंजिन घेणाऱ्यानें यावरून एक बोध घ्यावा: आधीं सुटे भाग मिळतात कीं नाहीं हें पाहावें, मग किंमत ठरवावी.

असें इंजिन तळ्याचेंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतें. तें पाणी खेंचणारा लहानसा रबरी पंखा खालच्या भागांत असतो. इंजिन पडून राहिलें, म्हणजे त्याचीं पातीं वांकून कडक होतात. मग इंजिन सुरू होतें, परंतु पाणी चढत नाहीं, आणि कांहीं मिनिटांत तें तापून अडकतें. म्हणून जुन्या इंजिनाचा हा पंखा न पाहतांच बदलावा. त्याची किंमत साऱ्या इंजिनाच्या मानानें क्षुल्लक असते. तसेंच इंजिन कोरडें कधींच चालवूं नये. पाण्यानें भरलेल्या पिंपांत तें उभें करून चालवावें आणि मागच्या छिद्रांतून पाण्याची धार अखंड पडते कीं नाहीं, हें पाहावें. खालच्या दांतेचक्रांच्या पेटीतील तेलहि काढून पाहावें; तें दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे आणि रबरी सील बदलले पाहिजेत. पंख्याच्या दांड्यांत एक मऊ धातूची खीळ असते. पंखा खडकावर आदळला, तर ती तुटून चक्रें वांचविते. ती वारंवार तुटते म्हणून तिच्या जागीं पोलादी खिळा ठोकणारे लोक आढळतात. त्यांची खीळ वांचते, पण इंजिन जातें.

जुन्या इंजिनांपुढें आज एक नवें संकट उभें आहे, तें इंधनाचें. भारतांत पेट्रोलमध्यें आतां शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. पुरेशी ओल झाली, म्हणजे तें पाण्यासह पेट्रोलपासून सुटें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. जुन्या दोन-धावी इंजिनाला वंगण मिळतें तें पेट्रोलांत कालविलेल्या तेलापासून. तें तेल वरच्या पेट्रोलांतच राहतें, आणि तळाचें पाणीमिश्रित इथेनॉल वंगणावांचून इंजिनांत जातें. शिवाय जुन्या रबरी नळ्या व बुचाच्या गास्केटी इथेनॉलनें फुगतात किंवा विरतात. म्हणून नळ्या नव्या जातीच्या घालाव्या, मिश्रण लागेल तेवढेंच ताजें करावें, आणि पावसाळ्यापूर्वीं टाकी व कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करावे. तेलाचें प्रमाण इंजिनावरील पाटीप्रमाणें ठेवावें; कोणाला पन्नासास एक पुरतें, तर कोणा जुन्या इंजिनाला पंचवीसास एक लागतें. स्कूटरचें तेल येथें चालत नाहीं, कारण पाण्यानें थंड होणारें इंजिन वेगळ्या तापमानांत चालतें.

इंजिन तळ्यांत पडलें, तर काय करावें? तें वर काढून उद्यांवर टाकणें, ही सर्वांत मोठी चूक. पाण्याखालीं जें लोखंड बरें राहतें, तें हवा लागतांच गंजूं लागतें. वर काढल्याबरोबर स्पार्क प्लग काढून पाणी निथळवावें, आंत तेल सोडावें, कार्ब्युरेटर धुवावा, आणि हातानें फिरवितां आलें, तर त्याच दिवशीं तें चालवून कोरडें करावें. त्या दिवशीं काम होण्यासारखें नसेल, तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपांत बुडवून ठेवणें बरें.

ट्रेलरकडे तर कोणी पाहतच नाहीं. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड अशी वाटचाल करून ट्रेलर तळ्यावर येतो, तेव्हां त्याच्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. त्याच क्षणीं तो पाण्यांत लोटला, तर आंतील हवा एकदम आकसते आणि तुंबा पाणी शोषून घेतो. ग्रीस धुपतें, बेअरिंग गंजतें, आणि पुढच्या फेरींत घाटांत चाक निखळतें. अर्धा तास थांबून तुंबा हाताला थंड लागूं द्यावा, एवढ्यानें हें टळतें. वर्षांतून एकदां चाक उचलून हातानें फिरवावें. घरघर ऐकूं आली, तर बेअरिंग बदलावें. टायरची नक्षी शाबूत असली, तरी बाजूंना उन्हानें भेगा पडलेल्या असतात, त्या पाहाव्या. ओझ्याचा सुमारें दहावा हिस्सा मोटारीच्या आंकड्यावर यावा. तो फार कमी झाला, तर ट्रेलर रस्त्यावर झोंके घेतो. होडीचा भार तिच्या कण्यावर आणि पिछाडीवर सारखा विसावला पाहिजे, नाहींतर उभ्या-उभ्याच तिला पोक येतो. मोटार वाहनांच्या १९८८ च्या कायद्यांत ट्रेलरहि मोटार वाहनांतच मोडतो, म्हणून त्याचे कागद अगोदर पाहावे.

होडीचेहि कागद असतात. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला, आणि यंत्रावर चालणाऱ्या नौकेला तपासणी व नोंदणी लागते. शिवाय जलाशय ज्यांच्या ताब्यांत आहे, त्यांची परवानगी हवीच. हे नियम जाचक वाटले, तर दोन घटना आठवाव्या. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत वादळी वाऱ्यानें एक प्रवासी होडी उलटून सहा माणसें बुडालीं. त्याच वर्षीं १८ डिसेंबरला मुंबई बंदरांत, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली, आणि तेराहून अधिक जीव गेले. पहिल्या घटनेवरून कळतें, कीं वाऱ्यापुढें भरंवशाची होडीहि दुबळी आहे. म्हणून माणशीं एक जीवरक्षक जाकीट अंगावर बांधलेलें असावें, पेटींत ठेवलेलें नव्हे. दुसरीवरून कळतें, कीं दुरुस्त केलेल्या इंजिनाची चाचणी माणसांच्या गर्दीपासून दूर, मोकळ्या पाण्यावर घ्यावी. पहिल्या फेरींत मुलांबाळांना बरोबर घेऊं नये. वल्हीं, दोर आणि पाणी उपसण्याचें भांडें मात्र घ्यावें. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वीं तळाशीं पेट्रोलचा वास येतो का, हें पाहावें, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें होडीच्या पोटांतच सांठून राहते आणि एका ठिणगीनें भडकते.

एक कर्तव्य उरतें, तें पाण्याविषयींचें. जुनें दोन-धावी इंजिन आपल्या इंधनाचा बराच भाग, कधीं चतुर्थांशाच्या जवळपास, न जळतांच पाण्यांत सोडतें. बदललेलें तेल, कुजक्या रंगाची खरवड, राळेचे रिकामे डबे हें सर्व कांठावर टाकून निघून जाणें सोपें असतें. परंतु या कांठांवर माणसें राहतात, आणि ज्यांच्या वाडवडिलांनीं या पाण्याखालीं आपलीं शेतें गमावलीं, त्यांना पुन्हां तेलाचा तवंग देणें हें सुशिक्षितपणाचें लक्षण नव्हे. जें बरोबर नेलें, तें परत आणावें.

अखेर, प्रत्येक जुनी होडी वांचवावयाचीच असें नाहीं. कणा कुजला असेल, बरगड्या निम्म्याहून अधिक मोडल्या असतील, किंवा इंजिनाचे भाग कोठेंच मिळत नसतील, तर तिचा मोह सोडून चांगलें लांकूड, वल्हीं व पितळी सामान काढून घ्यावें. परंतु कणा धड असेल, तर ती टाकूं नये. खंडेनवमीला इंजिनाला फूल वाहण्याची आपली रीत आहे. फूल वाहण्यापूर्वीं त्याचा प्लग काढून पाहावा, नळी बदलावी, बूच तपासावें. अशा रीतीनें वर्षानुवर्षें हात फिरलेली होडी कार्तिकाच्या एखाद्या शांत सकाळीं मुळशीच्या पाण्यावर उतरते, आणि सायंकाळीं आपल्या माणसांना सुखरूप कांठावर आणून सोडते.